'ॲक्टिव्हेट' या शब्दाने केलेली दिशाभूल

पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटविषयी एक समजूत इतकी खोल रुजली आहे की तिला कोणी समजूत म्हणतही नाही. ती अशी: एन्व्हायर्नमेंट ही पायथनची एक अवस्था आहे, 'ॲक्टिव्हेट' म्हटले की पायथन त्या अवस्थेत शिरतो आणि 'डिॲक्टिव्हेट' म्हटले की बाहेर येतो. एकदा हे मान्य केले की पुढचे पाऊल आपोआप पडते. टर्मिनलमध्ये एका ओळीत जे होते, ते प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत का होऊ नये? प्रोग्राम सुरू व्हावा, त्याने स्वतःच आपले एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट करावे आणि पुढे त्यातली पॅकेजेस वापरावीत. मागणी साधी आणि वाजवी वाटते. क्रॉनमधून चालणाऱ्या स्क्रिप्टपासून वेब सर्व्हरपर्यंत सगळीकडे ती केली जाते, आणि तिच्यावर उत्तर म्हणून चार-पाच ओळींचे तयार तुकडे हातोहात फिरत राहतात.

या मागणीत मुळातच घोटाळा आहे. पायथन ॲक्टिव्हेट होत नाही. ॲक्टिव्हेट होते ते शेल. पायथनची प्रोसेस कोणत्या एन्व्हायर्नमेंटची, हे ती सुरू होताना ठरते आणि ती संपेपर्यंत तसेच राहते. फिरणारे तुकडे जे काही करतात त्याला ॲक्टिव्हेशन म्हणणे चूक आहे, आणि हा केवळ शब्दाचा कीस नव्हे. या एका शब्दामुळे लोक दिवसचे दिवस चुकीच्या जागी चूक शोधत बसतात.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे नेमके काय, ते आधी पाहायला हवे. इयन बिकिंग यांचे 'व्हर्च्युअलएन्व्ह' हे साधन २००७ मध्ये आले. पुढे कार्ल मेयर यांच्या पीईपी ४०५ या प्रस्तावानुसार ही सोय पायथनच्या गाभ्यात आली आणि २०१२ च्या पायथन ३.३ पासून 'वेनव्ह' हे मॉड्यूल भाषेसोबतच मिळू लागले. त्याची यंत्रणा थक्क व्हावे इतकी साधी आहे. लिनक्सवर वेनव्ह तयार केले की एक फोल्डर बनते. त्याच्या 'बिन' या उपफोल्डरात 'पायथन' नावाची एक सिमलिंक असते आणि ती शेवटी मूळ /यूएसआर/बिन/पायथन३ कडेच नेते. म्हणजे इंटरप्रिटर नवा नसतोच. वेगळी असते ती शेजारची एक छोटी मजकूर-फाइल, पायवेनव्ह.सीएफजी. तिच्यात 'होम' या नावापुढे मूळ पायथनचा पत्ता लिहिलेला असतो, मूळ पायथनची पॅकेजेस दिसू द्यायची की नाही हे लिहिलेले असते आणि आवृत्तीचा आकडा असतो.

पायथन सुरू होताना, तुमच्या प्रोग्रामची एकही ओळ वाचण्याआधी, आपल्याला कोणत्या पत्त्यावरून हाक मारली गेली ते पाहतो. सिमलिंक उलगडण्याआधीचा हा पत्ता असतो. त्या पत्त्याच्या शेजारी किंवा एक पायरी वर पायवेनव्ह.सीएफजी सापडली, तर ते फोल्डर हेच आपले घर असे तो मानतो. सिस.प्रीफिक्समध्ये त्या फोल्डराचा पत्ता भरला जातो, सिस.बेस_प्रीफिक्समध्ये मूळ पायथनचा पत्ता राहतो, आणि सिस.पाथ या यादीत वेनव्हचे 'साइट-पॅकेजेस' येते, मूळ पायथनचे येत नाही. सारा खेळ एवढाच. यात शेल कुठे आहे? 'ॲक्टिव्हेट' ही फाइल कुठे आहे?

ती नाहीच, हे दोन मिनिटांत तपासता येते. नवे टर्मिनल उघडावे, काहीही ॲक्टिव्हेट करू नये आणि वेनव्ह/बिन/पायथन असा पत्ता देऊन पायथन चालवावा. सिस.प्रीफिक्स छापला की वेनव्हचा पत्ता येतो. त्यातली पॅकेजेस इम्पोर्ट होतात. ॲक्टिव्हेशनशिवाय एन्व्हायर्नमेंट पूर्णपणे लागू झालेले असते. आता उलट बाजू. त्याच टर्मिनलमध्ये रीतसर ॲक्टिव्हेट करावे, प्रॉम्प्टच्या आधी कंसात वेनव्हचे नाव दिसू लागले की /यूएसआर/बिन/पायथन३ असा पूर्ण पत्ता देऊन पायथन चालवावा. सिस.प्रीफिक्स छापला की /यूएसआर येते, आणि वेनव्हमधले पॅकेज इम्पोर्ट करायला गेल्यास 'असे मॉड्यूल नाही' असे उत्तर मिळते. प्रॉम्प्टवर नाव झळकत असताना पायथनला त्याचा पत्ताही नसतो. एका प्रयोगात ॲक्टिव्हेशन नाही पण एन्व्हायर्नमेंट आहे, दुसऱ्यात ॲक्टिव्हेशन आहे पण एन्व्हायर्नमेंट नाही. जी गोष्ट एका बाजूने अनावश्यक आणि दुसऱ्या बाजूने अपुरी ठरते, ती त्या परिणामाचे कारण कशी असेल?

मग 'ॲक्टिव्हेट' ही फाइल करते तरी काय? ती उघडून वाचावी, मोठी नाही. बॅशसाठीच्या फाइलीत 'डिॲक्टिव्हेट' नावाचे फंक्शन तयार होते. व्हर्च्युअल_एन्व्ह या नावाच्या चलात वेनव्हचा पत्ता भरला जातो. शेलच्या पाथ या चलाच्या पुढे वेनव्हचे 'बिन' फोल्डर जोडले जाते. पायथनहोम हे चल असेल तर ते बाजूला काढले जाते. प्रॉम्प्ट बदलतो, आणि आधी शोधून ठेवलेल्या कमांडचे पत्ते विसरायला शेलला सांगितले जाते. संपले. हे सगळे शेलला दिलेले आदेश आहेत. यामुळे पुढे कोणी नुसते 'पायथन' असे टाइप केले तर शेल वेनव्हमधली सिमलिंक आधी शोधून काढतो. लांब पत्ता टाइप करण्याचे श्रम वाचवणारी ही सोय आहे आणि सोय म्हणून ती उत्तम आहे. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातही ॲक्टिव्हेट करणे गरजेचे नाही, इंटरप्रिटरचा पूर्ण पत्ता दिला तरी पुरते, असे स्पष्ट म्हटलेले आहे. ते वाक्य वाचूनही समजूत तशीच टिकते, कारण पहिल्या दिवशी शिकवलेला शब्द दस्तऐवजापेक्षा जोरकस ठरतो.

आता चालू प्रोग्राममधून ॲक्टिव्हेट करण्याचे जे उपाय सांगितले जातात, ते एकेक करून पाहावेत.

सर्वांत भाबडा उपाय म्हणजे ओएस.सिस्टिम या फंक्शनला 'सोर्स वेनव्ह/बिन/ॲक्टिव्हेट' ही ओळ देणे. टर्मिनलमध्ये जे टाइप केले तेच प्रोग्रामकडून करवून घेतले, मग फरक काय? फरक असा की ओएस.सिस्टिम प्रत्येक वेळी एक नवे शेल जन्माला घालते, दिलेली ओळ त्यात चालवते आणि ते शेल संपते. युनिक्समध्ये मुलाने आपल्यात केलेला बदल आईपर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक प्रोसेसला पर्यावरण-चलांची आपली स्वतंत्र प्रत मिळते. टर्मिनलमध्येही 'ॲक्टिव्हेट' नुसती न चालवता 'सोर्स' करावी लागते ती याच कारणाने. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. डेबियन आणि उबुंटूवर तर त्याआधीच अडते. तिथे /बिन/एसएच म्हणजे डॅश हे शेल आणि त्याला 'सोर्स' ही कमांड माहीत नाही, म्हणून 'सोर्स: नॉट फाउंड' अशी चूक येते. ही चूक खरे तर उपकारक आहे, कारण ती काहीतरी बिघडल्याचे सांगते. पण पुढचा सल्ला तयारच असतो: बॅशकडून चालवा. बॅशकडून चालवले की चूक नाहीशी होते, परिणाम मात्र शून्यच राहतो. चूक दिसेनाशी झाली म्हणजे काम झाले, असे समजून माणूस पुढे जातो आणि तासाभराने पॅकेज सापडत नाही म्हणून पॅकेजलाच दोष देतो.

दुसरा उपाय थोडा शहाणा आहे. नवे शेल कशाला, ओएस.एन्व्हिरॉनमधले पाथ आणि व्हर्च्युअल_एन्व्ह हे दोन चल प्रोग्रामनेच बदलावेत. 'ॲक्टिव्हेट' फाइल जे करते ते हुबेहूब झाले, असा युक्तिवाद. हुबेहूब झाले हे खरेच आहे, आणि नेमकी तिथेच समजूत उघडी पडते. पाथ हे चल पुढच्या कमांड कुठे शोधायच्या यासाठी असते. जो पायथन आधीच सापडून सुरू झाला आहे त्याला त्याचा काय उपयोग? इम्पोर्ट करताना पायथन पाथकडे पाहत नाही, सिस.पाथकडे पाहतो. व्हर्च्युअल_एन्व्ह हे चल तर पायथन इंटरप्रिटर कधीच वाचत नाही, सुरू होतानाही नाही. ते प्रॉम्प्ट सजवणाऱ्या आणि पॅकेज सांभाळणाऱ्या साधनांसाठी आहे. या उपायाने फरक पडतो तो पुढे जन्मणाऱ्या मुलांना, तोही सगळीकडे सारखा नाही. सबप्रोसेसला बदललेला पाथ एन्व्ह या पर्यायातून दिला तर लिनक्सवर कमांड त्या नव्या पाथमध्ये शोधली जाते. विंडोजवर कमांडचा शोध आईच्या पाथवरून होतो. एका मशीनवर चाललेला तुकडा दुसऱ्यावर पडतो तो यामुळेही.

तिसरा उपाय मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो वरवर पाहता चालतो. सिस.पाथच्या सुरुवातीला वेनव्हच्या साइट-पॅकेजेसचा पत्ता घालायचा. लगेच इम्पोर्ट होऊ लागते. विरोधी पक्षाचा सगळा भर या एका ओळीवर आहे: पॅकेजेस सापडली की एन्व्हायर्नमेंट मिळाले, आणखी काय हवे? हवे ते बरेच आहे, आणि त्यातले काहीच या ओळीने मिळत नाही.

पहिली उणीव विलगीकरणाची. एन्व्हायर्नमेंट बनवण्याचा हेतूच मुळी हा की प्रोग्रामला ठरवलेली पॅकेजेस दिसावीत आणि बाकीची दिसू नयेत. यादीच्या पुढे एक पत्ता जोडल्याने मागचे पत्ते पुसले जात नाहीत. वेनव्हमध्ये एखादे पॅकेज टाकायचे राहून गेले, तर ते गुपचूप मूळ पायथनमधून उचलले जाते. ज्या मशीनवर प्रोग्राम लिहिला तिथे सगळे सुरळीत. नव्या सर्व्हरवर नेल्यावर पहिल्याच दिवशी कोसळते. जी चूक दाखवण्यासाठी एन्व्हायर्नमेंट असते, तीच या उपायाने झाकली जाते.

दुसरी उणीव .पीटीएच फाइलींची. साइट-पॅकेजेसमध्ये या छोट्या फाइली असतात आणि त्यांत आणखी पत्ते लिहिलेले असतात. स्वतःचे चालू काम पिपने 'एडिटेबल' रीतीने बसवले की बहुधा अशीच फाइल तयार होते. पायथन सुरू होताना साइट हे मॉड्यूल त्या फाइली वाचते. सिस.पाथमध्ये हाताने पत्ता घातला तर त्या कोणीच वाचत नाही, आणि स्वतःचेच पॅकेज सापडेनासे होते. त्यावर उतारा म्हणून साइट.ॲडसाइटडिर हे फंक्शन सांगतात. ते .पीटीएच फाइली वाचते खरे, पण नवे पत्ते यादीच्या शेवटी जोडते. म्हणजे दोन्हीकडे असलेल्या पॅकेजची मूळ पायथनमधली जुनी आवृत्ती जिंकते. एक भोक बुजवताना दुसरे पडते.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. पायथन एकदा इम्पोर्ट केलेले मॉड्यूल सिस.मॉड्यूल्समध्ये ठेवतो आणि पुन्हा मागितले की तिथूनच देतो, सिस.पाथ मग कोणी विचारात घेत नाही. समजा मूळ पायथनमध्ये युआरएललिब३ ची १.२६ ही आवृत्ती आहे आणि वेनव्हमध्ये २ या मालिकेतली. प्रोग्रामच्या वरच्या भागातल्या एखाद्या इम्पोर्टने मूळ युआरएललिब३ आधीच आत आणले. त्यानंतर पत्ता बदलला आणि रिक्वेस्ट्स इम्पोर्ट केले. रिक्वेस्ट्स येते वेनव्हमधून, पण त्याला युआरएललिब३ लागताच हातात पडते ते मूळ पायथनचे. ही जोडी कोणीही निवडलेली नाही, कोणीही एकत्र तपासलेली नाही. पिपला वेनव्हची यादी विचारली तर ती सगळे ठीक असल्याचे सांगते, कारण ती फोल्डरात काय आहे ते सांगते, स्मृतीत काय चालू आहे ते नाही. अशा वेळी मॉड्यूलची __फाइल__ छापून पाहण्याचे सुचले तर माणूस वाचतो. न सुचले तर पॅकेजेस काढून पुन्हा टाकत बसतो. पत्ता बदलेपर्यंत वरात निघून गेलेली असते आणि मागून घोडे नाचवले जातात.

यावर इम्पोर्टलिबच्या रीलोडचा आधार घेतला जातो. रीलोडने मॉड्यूलचा कोड पुन्हा चालतो, पण आधी बनलेल्या वस्तू जुन्याच क्लासच्या राहतात. त्यामुळे एकाच नावाचे दोन क्लास एकाच प्रोसेसमध्ये नांदू लागतात आणि 'ही वस्तू या क्लासची आहे का' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर येते, जरी दोन्हींचे नाव अक्षर न् अक्षर सारखे असले तरी. सी भाषेत लिहिलेली मॉड्यूल्स तर अशा रीतीने बदलतच नाहीत.

सी मॉड्यूल्सचा प्रश्न तिथेच संपत नाही. नमपायसारख्या पॅकेजमध्ये संकलित फाइली असतात आणि त्यांच्या नावातच 'सीपायथन-३११' असा शिक्का असतो. पायथन ३.११ साठी बनलेली फाइल ३.९ च्या इंटरप्रिटरला चालत नाही. स्थिर एबीआय पाळून बनवलेली काही पॅकेजेस सोडली तर हा नियम कडक आहे. वेनव्हमध्ये 'लिब/पायथन३.११/साइट-पॅकेजेस' अशी आवृत्ती मिरवणारी फोल्डरे असतात ती उगाच नव्हेत. दुसऱ्या आवृत्तीच्या वेनव्हचा पत्ता सिस.पाथमध्ये घातला की शुद्ध पायथनमधली पॅकेजेस चालतात, संकलित पॅकेजेस कोसळतात, आणि चूक अशी येते की वाचणाऱ्याला वाटावे नमपाय बिघडले आहे. चालू इंटरप्रिटरची आवृत्ती कोणत्याही ओळीने बदलता येत नाही, एवढे एक सत्य लक्षात घेतले असते तरी पुरे होते. लिनक्सवरचे एलडी_लायब्ररी_पाथ हे चलही असेच आहे. ते प्रोसेस सुरू होताना एकदा वाचले जाते. नंतर बदलल्याने त्या प्रोसेसमधला लायब्ररींचा शोध बदलत नाही.

या साऱ्याचा परिपाक एका प्रसंगात दिसतो आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. प्रोग्राम /यूएसआर/बिन/पायथन३ ने सुरू झाला आहे. वरच्या सगळ्या युक्त्या केल्या: पाथ बदलला, व्हर्च्युअल_एन्व्ह भरले, सिस.पाथही बदलला. आता एक पॅकेज कमी पडले, म्हणून प्रोग्रामने सर्वमान्य रीतीने सिस.एक्झिक्युटेबल घेऊन '-एम पिप इन्स्टॉल' ही कमांड चालवली. सिस.एक्झिक्युटेबल आहे /यूएसआर/बिन/पायथन३. त्यामुळे नवी प्रोसेस मूळ पायथनची जन्मते. तिच्या पर्यावरणात व्हर्च्युअल_एन्व्ह भरलेले आहे, पण आपण एन्व्हायर्नमेंटमध्ये आहोत का हे पिप ठरवतो सिस.प्रीफिक्स आणि सिस.बेस_प्रीफिक्स यांची तुलना करून, आणि ते दोन्ही /यूएसआर आहेत. जुन्या वितरणांवर पॅकेज मूळ पायथनमध्ये किंवा वापरकर्त्याच्या .लोकल फोल्डरात जाऊन बसते आणि त्या मशीनवरच्या इतर प्रोग्रामनाही दिसू लागते. पीईपी ६६८ स्वीकारणाऱ्या डेबियन १२ सारख्या वितरणांवर पिप स्पष्ट नकार देतो आणि 'एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट' अशी चूक छापतो. इथे थांबून विचार करायला हवा होता: वेनव्ह खरोखर लागू झाले असते तर ही चूक आली असती का? त्याऐवजी चूक दडपणारा 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा पर्याय जोडला जातो. आपल्याच यंत्रणेची मोडतोड करतो आहोत हे त्या पर्यायाच्या नावातच लिहिले आहे, आणि तरीही तो जोडला जातो, कारण 'मी तर एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे' हा विश्वास अजून शाबूत असतो.

एवढे झाल्यावर विरोधी पक्षाकडे एक शेवटचा पुरावा उरतो, आणि तो सर्वांत प्रतिष्ठित आहे: 'ॲक्टिव्हेट_धिस.पीवाय'. व्हर्च्युअलएन्व्ह स्वतःच ही फाइल एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवते आणि चालू पायथनमधून ती चालवायची असते. पायथन २ च्या काळात एक्झेकफाइल या फंक्शनने ती चालवण्याची ओळ सर्वत्र असे. साधन बनवणाऱ्यांनीच जर ही सोय दिली आहे, तर चालू प्रोग्राममधून ॲक्टिव्हेट करता येत नाही असे कसे म्हणता?

ती फाइल वाचावी. ती पाथ आणि व्हर्च्युअल_एन्व्ह बदलते, साइट.ॲडसाइटडिर वापरून पत्ते जोडते, जोडलेले पत्ते यादीच्या पुढे आणते आणि सिस.प्रीफिक्समध्ये नवा पत्ता लिहिते. वर सांगितलेल्या युक्त्याच नीट क्रमाने केलेल्या आहेत, आणि .पीटीएचचा व क्रमाचा प्रश्न तिने सोडवला आहे हे मान्य करायला हवे. पण मूळ पायथनचे पत्ते यादीत राहतातच. सिस.मॉड्यूल्सला ती हात लावत नाही. इंटरप्रिटरची आवृत्ती तीच राहते आणि सिस.एक्झिक्युटेबल जुनाच, त्यामुळे वरचा पिपचा प्रसंग जसाच्या तसा घडतो. या फाइलीचा खरा उपयोग होता तो अपाचेच्या मॉड-डब्ल्यूएसजीआयसारख्या ठिकाणी, जिथे इंटरप्रिटर दुसऱ्याच्या प्रोसेसच्या पोटात असतो आणि त्याला कोणत्या पत्त्यावरून सुरू करायचे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात नसते. त्याच मॉड-डब्ल्यूएसजीआयमध्ये डीमन प्रोसेससाठी 'पायथन-होम' हा पर्याय आहे, आणि त्याच्या कर्त्यांचा सल्लाही तोच वापरण्याचा आहे. तो पायथन सुरू होण्याआधी घर ठरवतो. आणि पायथनच्या गाभ्यातले वेनव्ह ॲक्टिव्हेट_धिस.पीवाय देतच नाही. जी फाइल लाचारीच्या परिस्थितीतला तोडगा आहे, तिला सामान्य रिवाजाचा दाखला म्हणून पुढे करणे योग्य नाही.

अशी लाचारीची परिस्थिती आजही असते. क्यूजीआयएस किंवा ब्लेंडरमध्ये प्लगइन लिहिणाऱ्याला त्या सॉफ्टवेअरच्या पोटातल्याच पायथनवर काम करावे लागते. तिथे साइट.ॲडसाइटडिर वापरून पत्ता जोडावा, आवृत्ती जुळते का ते आधी पाहावे, आणि इतर काही इम्पोर्ट होण्यापूर्वी ते करावे. कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ॲक्टिव्हेशनला थोडे अधिक वजन असते हेही खरे. तिथे 'ॲक्टिव्हेट.डी' या फोल्डरातल्या स्क्रिप्ट चालून काही पॅकेजेसना लागणारी चल भरली जातात. पण तेही प्रोसेस सुरू होण्यापूर्वी व्हायचे असते, आणि त्यासाठी 'कोंडा रन' ही कमांड आहे. यापलीकडे सवलत देण्यासारखे काही सापडत नाही.

मग ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी काय करावे? त्यांची गरज खोटी नाही, फक्त ती चुकीच्या शब्दांत मांडली गेली आहे. क्रॉनमधल्या स्क्रिप्टला ॲक्टिव्हेशन नको, पत्ता हवा. /एसआरव्ही/हिशेब/वेनव्ह/बिन/पायथन आणि त्यापुढे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता, एवढी एक ओळ क्रॉनटॅबमध्ये लिहिली की काम झाले. सिस्टिमडीमध्ये हाच पत्ता एक्झेकस्टार्टमध्ये जातो. ज्युपिटरच्या कर्नलची व्याख्या करणारी फाइल उघडली तर तिच्यातही इंटरप्रिटरचा पत्ताच असतो. पिपने वेनव्हमध्ये बसवलेल्या कमांड पाहाव्यात: त्यांच्या पहिल्या ओळीत त्या वेनव्हच्या पायथनचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो, म्हणून वेनव्ह/बिन/ब्लॅक असे कुठूनही म्हटले तरी ती कमांड आपल्याच घरातून चालते. त्याच कारणाने वेनव्हचे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवले की या कमांड मोडतात. ते हलवू नये, नव्या जागी नवे बनवावे. पिपेक्स आणि यूव्ही ही साधनेही याच पायावर उभी आहेत. पीईपी ७२३ नुसार स्क्रिप्टच्याच डोक्यावर लागणाऱ्या पॅकेजेसची नोंद करता येते, आणि 'यूव्ही रन' ती नोंद वाचून आधी एन्व्हायर्नमेंट सिद्ध करते, मग त्यातला पायथन सुरू करते. यादी स्क्रिप्टच्या आत असली तरी निर्णय बाहेर आणि आधी होतो.

एका प्रोग्रामला दोन वेगवेगळ्या एन्व्हायर्नमेंटमधले काम करून घ्यायचे असेल, तर दोन प्रोसेस कराव्यात. सबप्रोसेस.रनला वेनव्हच्या पायथनचा पूर्ण पत्ता द्यावा, विंडोजवर तो 'स्क्रिप्ट्स' फोल्डरातल्या पायथन.ईएक्सईचा असतो, आणि देवाणघेवाण जेसनमधून करावी. मुलाच्या प्रोसेसमध्ये वेनव्ह संपूर्ण लागू असते, आवृत्तीसकट. एक पायथन ३.९ चा आणि दुसरा ३.१२ चा असला तरी एकमेकांच्या पायात येत नाहीत. एकाच प्रोसेसमध्ये पत्ते उलटसुलट करून हे कधीच साधणार नाही.

आणि प्रोग्रामने स्वतःच आपल्या घरी जावे असाच आग्रह असेल, तर त्याला एकच प्रामाणिक मार्ग आहे: पुन्हा जन्म घेणे. प्रोग्रामच्या अगदी वर, केवळ ओएस आणि सिस इम्पोर्ट करून, सिस.प्रीफिक्स अपेक्षित वेनव्हचाच आहे का ते पाहावे. नसेल तर ओएस.एक्झेकव्हीला वेनव्हच्या पायथनचा पत्ता आणि तोच पत्ता पुढे ठेवून त्यामागे मूळ सिस.आर्गव्ही जोडलेली यादी द्यावी. लिनक्सवर त्याच प्रोसेस क्रमांकाखाली जुना इंटरप्रिटर पुसला जाऊन नवा उभा राहतो, आणि तो पायवेनव्ह.सीएफजी वाचूनच सुरू होतो. इथे तुलना सिस.प्रीफिक्सशीच करावी. दोन पायथनचे पत्ते सिमलिंक उलगडून ताडले, तर दोन्ही /यूएसआर/बिन/पायथन३ कडेच जातात आणि आपण आधीच घरी आहोत असा खोटा निकाल मिळतो. आधी छापलेला मजकूर बफरमध्ये अडकला असेल तर तो फ्लश करून घ्यावा, नाहीतर तो वाया जातो. विंडोजवर मात्र एक्झेकव्ही प्रोसेसची खरी अदलाबदल करत नाही. नवी प्रोसेस सुरू होते आणि जुनी संपते. वाट पाहणाऱ्या टर्मिनलला काम संपले असे वाटते. तिथे सबप्रोसेस वापरून मुलाचा निकाल-क्रमांक घेऊन बाहेर पडणे बरे.

नवशिक्याला पहिल्या दिवशी 'आधी ॲक्टिव्हेट करा' असे सांगणे बंद व्हायला हवे, ते याच साऱ्यासाठी. त्याच्याकडून आधी वेनव्ह बनवून घ्यावे. मग पायवेनव्ह.सीएफजी उघडून वाचायला लावावी. मग वेनव्ह/बिन/पायथन असा पूर्ण पत्ता टाइप करायला लावावा आणि सिस.प्रीफिक्स छापायला सांगावे. वेनव्ह/बिन/पायथन -एम पिप अशा लांब रूपातच त्याने पहिली दोन-चार पॅकेजेस बसवावीत. आठवडाभर बोटे दुखली की 'ॲक्टिव्हेट' दाखवावे आणि त्या फाइलीतली पाथची ओळ बोट ठेवून वाचून घ्यावी. त्यानंतर चालू प्रोग्राममधून ॲक्टिव्हेट कसे करायचे हा प्रश्न त्याच्या तोंडी येणार नाही. तो विचारेल की हा प्रोग्राम कोणत्या पायथनने सुरू केला, आणि तो पत्ता कुठे लिहायचा.